पाण्याआधीचं गाऱ्हाणं

“हे पाणी कोण बंद करंना का गं?”

अण्णांनी हे विचारलं तेव्हा आम्ही फाटकातून आत येऊन पुरते उभेही राहिलो नव्हतो. त्यांच्या खांद्याला पिशवी, डोक्यावर पांढरी टोपी, एका हातात माझ्या लेकीचा, केतकीचा हात आणि डोळे वाटेच्या कडेनं खळाळत जाणाऱ्या ओढ्यावर.

“अण्णा, तो ओढा आहे. त्याला नळ नसतो.”

“नसंल. पण मग एवढं पाणी जातंय कुठं?”

“खाडीत.”

“खाडीत!” कुणीतरी आपल्याच आडातलं पाणी चोरून तिकडे नेऊन ओततंय, अशा आवाजात ते म्हणाले. मग टोपी काढून त्यांनी डोकं पुसलं आणि ओढ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना ते बघवेना.

अण्णा म्हणजे माझे सासरे. तासगावात स्टँडजवळ त्यांचं सायकलचं दुकान होतं. उन्हाळा आला की टँकरची वाट बघायची, यातच त्यांचा जन्म गेलेला. त्यामुळे बाकी कशात हात आखडता न घेणारा हा माणूस पाण्याच्या बाबतीत भलता चिकट होता. एका तांब्यात तोंड धुवायचे आणि त्यातलं उरलेलं तुळशीला घालायचे. शेजाऱ्यांचा नळ गळताना दिसला, तर भिंतीवरून हात घालून बंद करून यायचे. त्यावरून दोनदा जोरदार भांडणंही झाली होती. असा माणूस मे महिन्याच्या सुट्टीत आपण होऊन म्हणाला, ‘केतकीला त्या कोकणातल्या पाण्याच्या बागेत नेऊन आणू,’ तेव्हाच मला वाटलं होतं, यांच्या मनात काहीतरी आहे.

बाग होती मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. वॉटर पार्क म्हटलं की निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या नळ्या आणि कानाशी बोंबलणारे कर्णे, एवढंच मला माहीत होतं. इथे त्यातलं काही नव्हतं. डोंगरातून एक झर यायची. ती वर एका दगडी टाकीत अडवलेली. तिथून जांभ्या दगडात कोरलेले पाट निघायचे आणि माडा-पोफळींच्या सावलीतून उतरत उतरत कुंडांमध्ये पडायचे. एक दगडी घसरगुंडी होती, शेवाळ येऊ नये म्हणून रोज काथ्यानं घासलेली. पाण्यात औषध नाही. संध्याकाळी सगळी कुंडं रिकामी करायची, घासायची आणि सकाळी पुन्हा भरायची, असा तिथला रिवाज. आम्ही पोचलो तेव्हा कुंडं कोरडी होती. केतकीचं तोंड एवढंसं झालं.

“पाणीच नाहीये!” ती म्हणाली.

“बघ,” अण्णा समाधानानं म्हणाले, “हितं पण टँकर येतोय वाटतं.”

मी हसले, पण माझं अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं. प्रवासभर मी एकाच गोष्टीची वाट बघत होते.

माझा नवरा सुहास तीन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त होऊन गेला. सासूबाई त्याच्याही आधी गेलेल्या. घरात उरलो आम्ही तिघं. मी सांगलीला एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते, रोज एसटीनं ये-जा करून. त्याच शाळेत रघुवीर माने चित्रकला शिकवायचा. बोलायला मोजका, वागायला सरळ. ते कसं जमलं ते सांगत बसत नाही, जमलं एवढं खरं. चैत्रात तो एकदा तासगावला आला. घरी न येता दुकानात गेला. अण्णा पंक्चर काढत होते. पाण्याच्या पाटीत ट्यूब दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघत होते. रघुवीर बाकावर बसला आणि म्हणाला, “अण्णा, मला हेमाबाईंशी लग्न करायचंय. केतकी आमच्याबरोबर राहील. तुमची परवानगी मागायला आलोय.”

अण्णा बराच वेळ ट्यूब बुडवत राहिले आणि म्हणाले, “बघू.”

त्यानंतर अवाक्षर नाही. मला काही विचारलं नाही, रागावले नाहीत, अबोला धरला नाही. रोज सकाळी मी स्टँडवर जायच्या आत माझ्या सायकलच्या चाकात हवा आहे का बघायचे, तसे बघत राहिले. रघुवीर मला म्हणाला होता, “शाळा उघडायच्या आत काय ते सांगा. नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. रोज समोरासमोर यायचंय, तुम्हाला अवघड व्हायला नको.” शाळा उघडायला आता फार दिवस उरले नव्हते.

माझे माहेरचे लोक माझ्यावर उखडलेच होते. “सज्ञान बाई तू, सासऱ्याला विचारतेस काय?” असं भाऊ म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. पण सुहास गेला त्या रात्री मला आणि केतकीला एका पांघरुणात घेऊन उजाडेपर्यंत बसून राहिला होता तो हा माणूस. त्याच्या तोंडून शब्द घेतल्याशिवाय मी तो उंबरा ओलांडणार नव्हते. ओलांडला असता, तरी पाय मागेच राहिले असते.

म्हणून मी वाट बघत होते. बस घाट उतरली, अण्णा गप्प. रात्री मुक्कामाला खोली घेतली, अण्णांनी माशाच्या वासाबद्दल तक्रार केली आणि झोपले.

बागेचे मालक तात्या धुरी. गुटगुटीत, हाफ पँट आणि गळ्यात शिट्टी. त्यांनी सगळ्यांना वरच्या टाकीपाशी बोलावलं. आमच्याबरोबर पुण्याची काही कुटुंबं होती, कोल्हापूरच्या कॉलेजातल्या पोरांचा एक घोळका होता, कमरेला हवेच्या टायरी लावलेली बारकी पोरं होती. टाकीच्या तोंडाशी एक जाड फणसाची फळी खाचेत बसवलेली होती. ती उचलली की पाणी सुटणार. फळीपाशी एक म्हातारा उभा होता, काटकुळा, खांद्यावर लाल पंचा.

“हय कसा आसा बघा,” तात्या म्हणाले, “आधी गाराणा, मगे पाणी. झरीच्या धन्याक विचारल्याबिगर आमी फळी काढत नाय. हे आमचे भिवाकाका राऊळ. कोणाक काय मागूचा आसात तर तेंच्या कानात सांगा. ते देवाक सांगतले. आनी काका थांबले काय तुमी सगळ्यांनी मोठ्यान म्हणूचा, ‘व्हय म्हाराजा!’ काय म्हणूचा?”

“व्हय म्हाराजा!” कोल्हापूरची पोरं आधीच तयार होती.

मला गाऱ्हाणं काय असतं ते पुस्तकातून ठाऊक होतं. अण्णांना ठाऊक नव्हतं. ते माझ्या कानाशी लागले. “म्हंजे आपल्या नंदीवानी?”

आमच्याकडे महादेवाच्या देवळात नंदीच्या कानात मागणं सांगायची रीत आहे. त्याचा दुसरा कान हातानं झाकायचा, काय ते पुटपुटायचं आणि घरी जायचं. नंदी ते महादेवाला सांगतो आणि मध्ये तिसऱ्या कुणाला कळत नाही. मी म्हटलं, “तसंच असेल.” खरं म्हणजे माझं लक्ष नव्हतं, केतकी टाकीच्या कठड्यावर चढू बघत होती.

तिला खाली उतरवून मी वळले, तर अण्णा भिवाकाकांपाशी पोचले होते. एका पुण्याच्या बाई आपलं मागणं सांगून हसत बाजूला झाल्या. अण्णा पुढे झाले. त्यांनी टोपी काढून बगलेत धरली, एका हातानं भिवाकाकांचा उजवा कान अगदी नीट झाकला आणि डाव्या कानात बोलायला लागले. भिवाकाका जरा चमकले, पण गप्प राहिले. अण्णा बोलतच होते. आमच्या घरात महिन्याभरात जेवढं बोलले नसतील तेवढं. मला वाटलं, गुडघ्याचं सांगत असतील. नाही तर पावसाचं.

परत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले तेव्हा चेहरा एकदम हलका झाला होता. “बरं हाय की गं हे,” ते म्हणाले.

भिवाकाकांनी पंचा झटकला, हात जोडले आणि तोंड उघडलं. एवढ्याशा देहातून तो आवाज कसा निघाला, कोण जाणे. माडांवरचे कावळे उडाले.

“बा देवा म्हाराजाऽऽ! डोंगरातल्या झरीच्या धन्या म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही सगळी लेकरां लांबसून तुझ्या पाण्यात खेळाक इली आसत, म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाचो पाय घसरलो, कोणाच्या नाकातोंडात पाणी गेला, तर तेका तुझ्या हातान वर काढ रे म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!” केतकीचा आवाज सगळ्यात वर. तिला हा खेळ फारच आवडला होता.

“आनी ही पुण्याची बाय तुझ्याकडे मागणा घेवन इली आसा, म्हाराजाऽ! हिचो घोव रातचो घोरता. हिका झोप नाय. तेचा घोरणा बंद होवंदे रे म्हाराजाऽ!”

एकच हशा पिकला. तो नवरा शेजारीच उभा होता, पोट सुटलेला, गळ्यात टॉवेल. त्यानंच सगळ्यात मोठ्यानं “व्हय म्हाराजा” म्हटलं. मीही हसत होते. हसत हसत अण्णांकडे बघितलं आणि माझं हसू तिथंच थांबलं.

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“हेमा,” ते म्हणाले, “हे वरडून सांगत्यात?”

“हो. का?”

ते गर्दीतून वाट काढत पुढे निघाले, हात वर केलेला. “ओ! ओ पावणं! माझं राहू द्या! माझं काय न्हाय!”

तात्यांनी त्यांचा दंड धरला. “अण्णा, मधी बोलू नकात. एकदा सुरू झाला काय गाराणा तोडूचा नसता.”

“आवो पण...”

“आनी हे तासगावचे अण्णा!” भिवाकाकांचा आवाज आणखी चढला. “ह्ये घाट उतरान तुझ्या दारात इले आसत, म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्येंचो झील गेलो, म्हाराजा. तरणोताठो झील. मागे सून आसा, नात आसा. सून गुणाची आसा, म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा.” या वेळी आवाज जरा उतरला. हसणारे हसायचे थांबले होते. मी कठड्याचा आधार घेतला.

“सुनेक एक बरो माणूस मागूक इलो हा, म्हाराजा. ह्येंका पसंत आसा. सुनेचो संसार पुन्हा उभो ऱ्हवांदे असा ह्येंच्या मनात आसा. पण तोंडातसून ‘होय’ म्हणान शब्द भायर पडत नाय! सून गेली काय नात जातली, घर मोकळा होतला, ह्या भयान ह्येंची जीभ अडाकली आसा, म्हाराजाऽ!”

ओढ्याचा आवाज तेवढा येत होता.

“तर ती जीभ सुटांदे! ह्या म्हाताऱ्याक बळ दी आनी त्या लेकीचा बरा कर रे म्हाराजाऽऽ!”

घोरण्याचं मागणं केलेल्या बाई सगळ्यांत आधी म्हणाल्या, डोळ्यांना ओढणी लावून. मग त्यांचा नवरा, मग कोल्हापूरची पोरं, मग सगळेच. “व्हय म्हाराजा!” केतकीनं टाळ्याही वाजवल्या. ‘सून’ म्हणजे आपली आई आणि ‘नात’ म्हणजे आपण, हे तिच्या गावीही नव्हतं.

मी अण्णांकडेच बघत होते. तात्यांनी त्यांचा दंड अजून धरलेला होता. त्यांचं तोंड उघडं होतं.

“आता फळी,” तात्या म्हणाले. “शेवटचा गाराणा जेचा, तेणाच फळी काढूची. चला अण्णा.”

अण्णांनी फळीवर हात ठेवला. जन्मभर दुसऱ्यांचे नळ बंद करत आलेले हात ते. त्यांनी विचारलं, “काढल्यावर परत बंद कधी करायची?”

“आता सांजेपर्यंत नाय.”

अण्णांनी पाय रोवले आणि फळी वर ओढली. पाणी दणक्यात सुटलं. पोरं ओरडत पाण्याबरोबर पाटाच्या कडेनं खाली धावली, केतकी सगळ्यांच्या पुढे. पाणी पुढे की ती पुढे, अशी शर्यत. मोठी माणसंही हळूहळू खाली गेली. जाताना त्या पुण्याच्या बाईंनी माझा हात दाबला. ओळख ना देख. मग वर उरले फक्त अण्णा, हातात ओली फळी घेऊन, आणि मी. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “पोरीकडं जा. ती पडंल.”

मी गेले.

कुंडं भरेपर्यंत तात्यांच्या घरच्यांनी घावणे आणि नारळाची चटणी आणून दिली. अण्णांनी खाल्लं नाही. केतकी घसरगुंडीवरून सतरांदा खाली आली. मी पाण्यात उतरले, बाहेर आले, पुन्हा उतरले. झरीचं पाणी इतकं गार होतं, की अंगावर शहारा यायचा आणि तरी बाहेर यावंसं वाटायचं नाही. पण मला त्या दिवशीचं पाणी नीट आठवत नाही. आठवतात ते अण्णा. अगदी खालच्या कुंडाच्या काठाला, जिथून पाणी पुढे खाडीला मिळतं, तिथं ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, पाण्यात पाय सोडून बसले होते.

ऊन कलल्यावर केतकीला त्या पुण्याच्या बाईंपाशी ठेवून मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. पाण्यात पाय सोडले.

“ऐकलंस न्हवं सगळं?” त्यांनी विचारलं.

“मीच काय, खाडीतल्या माशांनीही ऐकलं.”

“त्या म्हाताऱ्याच्या कानात सांगितलं होतं मी. दुसरा कान झाकला पण होता.”

“बघितलं मी.”

“आपला नंदी काय असा वरडत न्हाय.”

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. खूप दिवसांनी आम्ही दोघं एकदम हसलो. मग ते थांबले आणि म्हणाले, “झालं की मग आता. एवढी माणसं व्हय म्हणाली.”

“ती पुण्या-कोल्हापूरची माणसं, अण्णा. मी काय त्यांच्या घरातून जाणार आहे का?”

ते पाण्यात पाय हलवत राहिले.

“पोरगा चांगला हाय,” ते म्हणाले. “त्या दिवशी दुकानात मला बुडबुडा दिसंना. डोळंच भरून आल्यालं. त्यानं गपचिप पाटीत हात घातला आणि भोकावर बोट ठिवलं. माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाय. तेव्हाच कळलं मला, चांगला हाय.”

रघुवीरनं मला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

“मग ‘बघू’ का म्हणालात?”

“व्हय म्हणलं की तुम्ही जाणार. मग सकाळी उठून मी कुणाच्या सायकलची हवा बघू?”

‘सांगली काय लांब आहे का’ हे ओठांवर आलं होतं, पण लांब नसलं तरी ते रोजचं नव्हतं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मी समोरच्या माडाकडे बघत बसले. मला हा माणूस हवा होता आणि रघुवीरही हवा होता, आणि दोन्ही एका घरात मिळणार नव्हते. अण्णा दुसऱ्याच्या घरी राहायला येणारे नव्हते, ते मी पक्कं ओळखून होते.

मग मला काय वाटलं कोण जाणे. मी हात जोडले.

“बा देवा महाराजा,” मी म्हणाले. भिवाकाकांसारखा आवाज मला कुठला. मी आपली हळूच, आमच्या दोघांपुरती बोलले. “ही तासगावची हेमा तुझ्या दारात आली आहे, महाराजा.”

अण्णांनी मान वर केली.

“हिला जायचंय, महाराजा. पण हिच्या अण्णांनी जा म्हटल्याशिवाय हिचा पाय निघत नाही. ही दर रविवारी येईल, सायकल घेऊन येईल, चाकातली हवा तपासून घेईल. हिला जाऊ दे रे महाराजा.”

मी थांबले. पलीकडे केतकी कुणाला तरी ओरडून बोलावत होती. पायाखालून पाणी निघून खाडीकडे चाललं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. रघुवीरनं बघितलं नव्हतं, तसंच.

बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला. घोगरा, तुटका, पण आला.

“व्हय म्हाराजा.”

एवढं बोलून अण्णा पुढे वाकले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं. मग आणखी एक ओंजळ, मग आणखी. एका तांब्यात तोंड धुणारा तो माणूस ओंजळीमागून ओंजळ पाणी तोंडावर मारत राहिला. ते खळखळून खाली पडत होतं आणि खाडीत जात होतं.

मी त्यांना थांबवलं नाही.